'कुटीप्रावेशिक' : शब्दाचा अर्थ आणि व्यवहारातील उपयोग

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका फार्मसीचालक स्नेह्यांनी च्यवनप्राशाच्या नव्या वेष्टनावरील मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडे पाठविला. चरकसंहितेचा आधार देऊन त्यात असे लिहिले होते की, या अवलेहाच्या सेवनाने वृद्ध मनुष्यही वार्धक्याचे रूप टाकून नवयौवनाचे रूप धारण करतो. स्थान, अध्याय आणि पाद यांचा निर्देश बिनचूक होता. भाषांतरही सुबोध होते. फक्त मूळ वाक्यातील एक शब्द भाषांतरात उतरलेला नव्हता. तो शब्द म्हणजे 'कुटीप्रवेशात्'.

हा शब्द त्यांनी मुद्दाम वगळला होता असे नाही. बहुतेक मराठी-हिंदी पुस्तिकांतून तो असाच गळालेला असतो, आणि एकाचे पाहून दुसरा छापतो. परंतु च्यवनप्राशाची फलश्रुती सावकाश वाचली तर तिच्यात दोन स्वतंत्र विधाने आहेत असे दिसते. पहिल्यात मेधा, स्मृती, कांती, अनामयत्व, इंद्रियबल, अग्निवृद्धी, वर्णप्रसाद, वातानुलोमन ही फळे रसायनाच्या प्रयोगाने मिळतात असे सांगितले आहे. दुसऱ्यात, जीर्ण झालेला मनुष्यसुद्धा जराकृत रूप टाकून नवयौवनाचे रूप धारण करतो असे म्हटले आहे, आणि 'कुटीप्रवेशात्' हे पंचम्यंत पद या दुसऱ्या विधानाजवळ उभे आहे. पहिले फळ औषधाचे. दुसरे फळ कुटीत प्रवेश करून घेतलेल्या औषधाचे. बरणी तीच, पाचशे आवळ्यांचा पाठ तोच, पण शास्त्रकारांनी दोन फळांसाठी दोन वेगळ्या अटी घातल्या आहेत.

मग ही कुटी म्हणजे नेमके काय, तिच्यात कोणी आणि का राहावयाचे, आणि आजचा वैद्य हा शब्द कोणत्या अर्थाने वापरू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विचाराला माझ्या स्वतःच्या एका चुकीचीही पार्श्वभूमी आहे. ती पुढे येईल.

शब्दाचे रूप

'कुटी' हा शब्द वाकणे, वळणे या अर्थाच्या 'कुट्' धातूपासून आला. वाकविलेल्या फांद्यांवर आच्छादन घालून केलेला निवारा ती कुटी. 'प्रवेश' या शब्दाला 'इक' प्रत्यय लागून 'प्रावेशिक' होते, आणि त्याला 'कुटी' हे पद जोडलेले आहे. म्हणून 'कुटीप्रावेशिक' असे दीर्घ 'प्रा' लिहिणे योग्य. 'कुटीप्रवेशिक' हे रूप जाहिरातींत आणि क्वचित शोधनिबंधांतही आढळते, ते टाळावे. चक्रपाणीने अर्थ सरळ दिला आहे: कुटीत प्रवेश करून जे केले जाते ते कुटीप्रावेशिक. त्याच्या जोडीचा शब्द 'वातातपिक', म्हणजे वारा आणि ऊन यांचे सेवन चालू असताना जे करता येते ते. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायातील चौथ्या पादात यालाच 'सौर्यमारुतिक' असेही नाव आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. नाव 'कुटीवास' असे नाही, 'कुटीप्रवेश' असे आहे. भर राहण्यावर नाही, आत जाण्यावर आहे. त्याच अध्यायात ओल्या पळसाच्या झाकणयुक्त द्रोणीत निजवून करावयाचा प्रयोग वर्णिला आहे. तोही परंपरेत 'द्रोणीप्रावेशिक' म्हणून ओळखला जातो. शास्त्रकारांच्या दृष्टीने प्रवेश हा स्वतःच एक विधी आहे. त्याला पूर्वकर्म आहे, मुहूर्त आहे, पात्रतेची परीक्षा आहे. आणि ज्या अर्थी प्रवेश आहे त्या अर्थी निर्गमनही आहे. कुटीप्रावेशिक हा मुदतीचा एकांत आहे, संन्यास नव्हे.

स्वेदाध्यायातील 'कुटीस्वेद' हा निराळा विषय. तेथील कुटी ही वातहर द्रव्यांनी लिंपलेली, उष्णता कोंडून ठेवणारी स्वेदगृहे आहेत. पदव्युत्तर परीक्षेत विद्यार्थी या दोन कुट्यांची सरमिसळ करतात, म्हणून उल्लेख केला.

कुटी कोठे आणि कशी

मराठी कानाला 'कुटी' म्हटले की नदीकाठची साधूची झोपडी दिसते. पर्णकुटी, वनवास, गोसावी अशी शब्दांची साखळीच आपल्या मनात तयार आहे. चरकाची कुटी मात्र वनात नाही. ती 'पुरे', म्हणजे नगरात बांधावयाची आहे. आणि तेही जेथे राजा, वैद्य, द्विज, साधू आणि पुण्यकर्मे करणारे लोक वस्ती करून आहेत, जेथे भय नाही आणि जेथे लागणारी उपकरणे मिळू शकतात अशा नगरात. ईशान्येस, चांगल्या जमिनीवर. वैद्य हाकेच्या अंतरावर असावा हा त्यातील स्पष्ट हेतू आहे. एकांताची जागा निवडताना ग्रंथकार आधी माणसे मोजतो, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

बांधणीसंबंधी जी विशेषणे आहेत त्यांतील प्रत्येक विशेषण कामाचे आहे. रुंदी आणि उंची पुरेशी हवी, म्हणजे ती खोपटी नव्हे. भिंती जाड हव्यात. ती 'ऋतुसुखा' असावी, म्हणजे त्या त्या ऋतूत सुखकर. 'सूक्ष्मलोचना', म्हणजे लहान झरोक्यांची. उजेड आणि हवा आत यावी पण झोत येऊ नये. अप्रिय शब्दादी विषयांना तेथे प्रवेश नसावा. इष्ट उपकरणे आत असावीत. वैद्य आणि औषध सज्ज असावे. आणि या सगळ्या वास्तुवर्णनाच्या मध्ये एक विशेषण असे आहे की जे कोणत्याही गवंड्याला मोजता येणार नाही: 'मनसः प्रिया'. राहणाऱ्याच्या मनाला ती आवडली पाहिजे.

'त्रिगर्भा' या विशेषणाचा अर्थ एकात एक अशी तीन गृहे. देवळाचे गर्भगृह, अंतराळ आणि मंडप आठवावे म्हणजे कल्पना येते. हे तीन पदर कशासाठी? थंडी-वारा अडविणे हे एक कारण झाले. खरे उत्तर सुश्रुताच्या सोमकल्पात मिळते. चिकित्सास्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात सुश्रुताने 'त्रिवृत' आगार सांगितले आहे, आणि तेथून बाहेर पडण्याचा क्रमही सांगितला आहे. सोम ही वनस्पती कोणती हा वाद बाजूला ठेवून तो क्रम तेवढा वाचावा. रुग्ण सर्वांत आतल्या गृहातून एकदम उन्हात येत नाही. तो पहिल्या परिसरातून बाहेर येऊन थोडा वेळ थांबतो आणि परत आत जातो. मग काही दिवस पुढच्या परिसरात, ऊन-वाऱ्याची थोडी ओळख, पुन्हा आत. या काळात त्याने आरशात किंवा पाण्यात स्वतःचे रूप पाहू नये, पुढील दहा रात्री क्रोधादिकांपासून दूर राहावे, असे बारकावे आहेत. आणि शेवटी चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेस तो बाहेर पडतो. तीन गृहे ही आत जाण्याच्या तीन पायऱ्या आहेत, त्याहून अधिक त्या बाहेर येण्याच्या पायऱ्या आहेत. संसर्जनक्रमाने अग्नीला जसे हळूहळू पूर्ववत आणावयाचे, तसे येथे त्वचेला, डोळ्यांना, कानांना आणि मनाला.

वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात एकोणचाळिसाव्या अध्यायात हेच वर्णन संक्षेपाने दिले आहे आणि कुटीत कोणाला शिरकाव नसावा याची यादी केली आहे: धूर, ऊन, धूळ, हिंस्र प्राणी, स्त्री आणि मूर्ख. स्त्रीचा निर्देश पुरुष रुग्ण गृहीत धरून ब्रह्मचर्याच्या दृष्टीने केलेला आहे हे उघड आहे. स्त्री रुग्ण असेल तेव्हा त्याचा आशय त्याप्रमाणे घ्यावा लागतो. मूर्खाचा निर्देश मात्र आहे तसाच घ्यावा. रुग्णाच्या खोलीत येऊन 'अमक्याला असेच झाले होते आणि तो गेला' असे सांगणारे नातेवाईक ज्याने पाहिले आहेत त्या वैद्याला वाग्भटाच्या अनुभवाबद्दल शंका राहणार नाही.

इतर आगारे

आयुर्वेदात माणसाला बाजूला ठेवण्याच्या जागा अनेक आहेत, आणि प्रत्येकीचा हेतू निराळा आहे. सूतिकागार, कुमारागार, व्रणितागार ही नावे सर्वांना परिचित आहेत. त्यांपैकी व्रणितागार येथे विशेष उपयोगी. सुश्रुत सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात व्रणी रुग्णासाठी सर्वप्रथम आगार शोधावे असे म्हणतो आणि लगेच पुढे मित्रांची सोय करतो. प्रिय बोलणारे सुहृद जवळ बसून गोष्टी सांगतात आणि त्यामुळे व्रणाची वेदना विसरली जाते, असा त्याचा आशय आहे.

चरकाच्या उपकल्पनीय अध्यायात, म्हणजे सूत्रस्थान पंधरामध्ये, शोधनासाठी जे गृह सांगितले आहे तेही पाहावे. ते दृढ असावे, निवात असावे, पण त्याच्या एका भागात वारा खेळता असावा. डोंगराच्या पायथ्याशी नसावे. धूर, ऊन, पाणी, धूळ तेथे पोहोचू नये. पाणी, उखळ, शौचकूप, स्नानगृह आणि स्वयंपाकघर जोडून असावे. नंतर परिचारकांची यादी येते: स्वयंपाकी, न्हाऊ घालणारे, अंग चेपणारे, उठविणारे-निजविणारे, औषध वाटणारे, आणि त्यांच्यासोबत गाणी, वाद्ये, कथा, आख्यायिका यांत कुशल अशी माणसे. लावा, कपिंजल, ससा, हरिण यांच्याही आधी-नंतर दुभती, शांत, वासराची गाय येते. हे सर्व शोधनगृहाचे वर्णन आहे, रसायनकुटीचे नव्हे, हे मान्य. तरीही कुटीतही आधी संशोधनच करावयाचे असल्याने या दोन वर्णनांना एकमेकांपासून फार दूर ठेवता येत नाही. निवात याचा अर्थ कोंदट नव्हे आणि एकांत याचा अर्थ ओसाड नव्हे, एवढे तरी त्यांवरून निश्चित होते.

उलट टोकाचे उदाहरणही याच रसायनाध्यायात आहे. तिसऱ्या पादातील केवलामलक रसायनात साधकाने वर्षभर दुधावर राहून गाईंमध्ये वास करावा आणि शेवटी पौष, माघ किंवा फाल्गुनातील पौर्णिमेच्या सुमारास तीन दिवस उपवास करून आवळीच्या वनात जावे असे सांगितले आहे. तेथे भिंत नाही, त्रिगर्भ नाही. विविक्तता आहे ती सवयीच्या संगतीपासून दूर जाण्यात. म्हणजे विविक्तवास हा व्यापक शब्द आणि कुटीप्रवेश हा त्याचा एक विशिष्ट, सर्वाधिक बंदिस्त प्रकार, असा संबंध मांडता येईल.

२०२०मध्ये कोविडच्या साथीत 'विलगीकरण' हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यानंतर अनेक रुग्ण कुटीप्रवेशाविषयी ऐकले की 'म्हणजे क्वारंटाइनच ना?' असे विचारतात. उत्तर नकारार्थी आहे, आणि फरक एका वाक्यात सांगता येतो: विलगीकरणात आतल्या माणसापासून बाहेरच्यांचे रक्षण करावयाचे असते, कुटीत बाहेरच्या विषयांपासून आतल्या माणसाचे.

अधिकारी कोण

आता मुख्य भाग. चौथ्या पादात कुटीप्रवेश कोणाला हितकर याची सहा विशेषणे आहेत: समर्थ, अरोग, धीमान्, नियतात्मा, क्षणी आणि परिच्छदवान्. जे असे नाहीत त्यांच्यासाठी सौर्यमारुतिक विधी. दोहोंत पहिला श्रेष्ठ, पण अतिशय दुष्कर, असा निवाडाही तेथेच दिलेला आहे.

यांतील 'अरोग' हे विशेषण आपण पुरेसे गांभीर्याने घेत नाही. कुटी हे रुग्णालय नाही. 'परिच्छदवान्' म्हणजे ज्याच्याकडे साधनसामग्री आणि परिवार आहे असा. 'क्षणी' या शब्दावर मात्र थांबले पाहिजे. 'क्षण' म्हणजे सवड, मोकळीक. क्षणी म्हणजे ज्याला सवड आहे असा. शेतीची कामे, दुकान, खटला, लग्नकार्य, परीक्षा यांपैकी काहीही ज्याच्या मनाला बाहेर ओढत नाही, तो क्षणी. मी अनेक वर्षे या शब्दाचा अर्थ 'रिकामा' असा घेत होतो, आणि त्यातूनच ती चूक घडली.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयाच्या वरच्या मजल्यावर मी दोन खोल्या वाढविल्या आणि माहितीपत्रकात 'कुटीप्रावेशिक रसायनाची सोय' असे छापले. जाड पडदे, लहान झरोके, आत शौचकूप. एवढ्याला मी कुटी म्हटले. सहा-सात महिन्यांनी एक सेवानिवृत्त शिक्षक आले. वय अडुसष्ट. मधुमेह नाही, रक्तदाब ठीक, अग्नी मध्यम, कोष्ठ मृदू. पत्नीचे निधन होऊन वर्ष व्हावयाचे होते. मुलगी परगावी. 'मला आता काही काम नाही, पाहिजे तितके दिवस राहीन' असे ते म्हणाले आणि मी मनातल्या मनात क्षणी या विशेषणापुढे खूण केली.

शोधन उत्तम झाले. स्नेहन, स्वेदनानंतर हरीतक्यादी चूर्ण दिले, घृतयुक्त यावक पाच दिवस दिला, मलशुद्धीची लक्षणे पाहून आमलकी रसायन सुरू केले. आठव्या दिवशी झोप कमी झाल्याची तक्रार आली. मी पादाभ्यंग सांगितला. नवव्या दिवशी त्यांनी जेवण अर्धे टाकले. दहाव्या रात्री परिचारकाने मला बोलावून घेतले. ते अंधारात पलंगावर बसून होते. म्हणाले, 'वैद्यराज, घरी निदान तिची भांडी तरी दिसतात.'

त्या रात्री मी ग्रंथ पुन्हा उघडला असे सांगावयास आवडले असते. पण तसे झाले नाही. मी त्यांना खाली माझ्या घरी आणले, चहा केला, आम्ही बोलत बसलो. अकराव्या दिवशी मुलगी आली. रसायन थांबविले. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविले आणि काही महिन्यांनी ते सावरले. ग्रंथ उघडला तो त्यानंतर. विधिभ्रंशाने व्याधी उत्पन्न झाल्यास रसायन सोडून त्या व्याधीची यथायोग्य चिकित्सा करावी, हे विधान अधिकारी-लक्षणांच्या अगदी पुढेच लिहिलेले आहे. निदान ते तरी, न वाचता का होईना, मी पाळले होते. पण भ्रंश रुग्णाचा नव्हता, माझा होता. ते शिक्षक क्षणी नव्हते, एकाकी होते. सवड असणे आणि कोणी नसणे या दोन अवस्था आहेत. ज्याचे घर भरलेले आहे आणि ज्याला त्या घरातून काही दिवसांची मोकळीक मिळाली आहे, त्याला कुटीचा एकांत पथ्यकर. ज्याचे घर आधीच रिकामे झाले आहे, त्याला कुटीत नेणे म्हणजे एका एकांतातून अधिक जाड भिंतींच्या एकांतात नेणे होय. 'परिच्छदवान्' या विशेषणातील परिवाराचा अंश मी सोडून दिला होता, आणि 'मनसः प्रिया' तर मी त्यांना विचारलेही नव्हते.

प्रवेशापूर्वी मानस दोष झटकून टाकावेत आणि सर्व भूतांविषयी मैत्रीचे चिंतन करावे, असे चरकाने सांगितले आहे. देवतापूजन, प्रदक्षिणा हा जो प्रवेशविधी आहे त्याच्या आधीची ही पायरी. आपण ती मंगलाचरणासारखी वाचून पुढे जातो. वास्तविक ती परीक्षा आहे. शोक, क्रोध, रुसवा घेऊन दार लावणारा माणूस आणि मैत्री घेऊन दार लावणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. महाराष्ट्राला हा भेद नवा नाही. रुष्ट होऊन दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना मुक्ताबाईंनी बाहेर बोलाविले, आणि ताटीचे अभंग म्हणून ती रचना घराघरात पोहोचली. कुटीचे दार वैद्याने लावण्यापूर्वी रुग्णाने ते मनाने कधीच लावून घेतले आहे काय, हे पाहणे आपले काम आहे.

नावाचा मोठेपणा

लोकांत हा विधी 'कायाकल्प' या नावाने अधिक प्रसिद्ध आहे. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय यांनी तपसीबाबांच्या मार्गदर्शनाखाली चाळीस दिवसांचा कायाकल्प केला, तेव्हा देशभरच्या वृत्तपत्रांतून त्याची चर्चा झाली. मालवीय त्या वेळी शहात्तर वर्षांचे होते. १९४६मध्ये ते निवर्तले. त्या प्रयोगाच्या यशापयशाबद्दल आजही दोन्ही बाजूंनी बोलले जाते. मला त्यातून एवढेच दिसते की, एकदा 'कायाकल्प' हा शब्द रूढ झाल्यावर 'कुटीप्रावेशिक' या शब्दातील अट मागे पडली आणि फळ पुढे आले. जुना शब्द कृती सांगतो, नवा शब्द परिणाम सांगतो. विक्रीला दुसरा सोयीचा.

आजकाल पर्यटनस्थळांवरील निवासांत सात किंवा चौदा दिवसांचे कार्यक्रम याच नावाने दिले जातात. सकाळी अभ्यंग, दुपारी शिरोधारा, सायंकाळी समुद्रकिनाऱ्यावर फेरफटका. त्यात वाईट काही नाही. पुष्कळांना त्याने बरे वाटते. पण वारा आणि ऊन यांचे सेवन चालू आहे, खिशात दूरध्वनी आहे, तेव्हा शास्त्राच्या भाषेत ते वातातपिकच झाले, आणि त्याला तसे म्हणण्यात कमीपणा कसला? वातातपिक हा विधी शास्त्रोक्तच आहे. कुटीला पात्र नसलेल्यांसाठी, म्हणजे समाजातील शंभरातील नव्वदांहून अधिकांसाठी, शास्त्रकारांनी तोच सांगितला. त्याच पादात आचाररसायनही सांगितले आहे: सत्य बोलणे, अक्रोध, मद्य-मैथुनापासून निवृत्ती, शांतपणा, जागरण व निद्रा यांचे समत्व, नित्य दूध-तुपाचे सेवन इत्यादी. त्याला ना त्रिगर्भ लागतो ना परिच्छद.

पुण्यात येरवड्याला ठाकरसी कुटुंबाचा 'पर्णकुटी' नावाचा भव्य बंगला आहे. १९३३च्या मे महिन्यात कारागृहातून सुटल्यावर गांधीजींनी आपला एकवीस दिवसांचा उपवास तेथे पूर्ण केला. नाव पर्णकुटीचे, वास्तू प्रशस्त, आतले माणूस व्रतस्थ आणि भोवती सज्ज माणसे. शब्दाने झोपडी सुचवावी आणि प्रत्यक्षात सर्व सोय असावी, हे चरकाच्या कुटीशी किती जुळते असे मला तेथून जाताना दर वेळी वाटते.

सध्याची पद्धत

त्या प्रसंगानंतर माहितीपत्रकातील ती ओळ मी काढली. वरच्या खोल्या आता शोधनासाठीच वापरतो. गेल्या पंधरा वर्षांत कुटीप्रावेशिक म्हणता येईल असा प्रयोग फक्त तिघांवर केला, आणि तिघेही भरल्या घरातले होते. त्यांपैकी कोणी तरुण झाले नाही. झोप, अग्नी आणि उत्साह यांत तिघांनीही सुधारणा सांगितली. तिघांवरून सिद्धांत करण्याचा माझा विचार नाही.

रुग्णपत्रिकेत मात्र काही रकाने वाढविले आहेत. गेल्या वर्षभरात घरात मृत्यू, विभक्तता, मोठी हानी, झोप कशी, दिवसातून किती माणसांशी बोलणे होते, पुढील तीन महिन्यांत घरी कोणते कार्य आहे, खोली पाहून आल्यावर ती आवडली काय. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'चालेल' असे आले तर मी प्रवेश देत नाही. एक सुहृद ठरवून घेतो, जो रोज ठरावीक वेळी येऊन अर्धा घटका बसेल. तो कोण असावा हे रुग्ण सांगतो आणि वाग्भटाची यादी स्मरून मी त्याला एकदा भेटतो. प्रवेशाच्या दिवशीच निर्गमनाचा दिवस लिहिला जातो. निर्गमन तीन टप्प्यांत: आधी दोन दिवस पडदे उघडून खोलीतच, मग दोन-तीन दिवस गच्चीच्या सावलीत सकाळी थोडा वेळ, मग खालच्या ओसरीवर. वैशाखात कोणालाही आत घेत नाही. उत्तरायणाची अट त्यामुळे माघ-फाल्गुनापुरती उरते, पण दुपारच्या उन्हात बसस्थानकाकडे निघालेला रुग्ण डोळ्यांसमोर आला की ते योग्यच वाटते.

मात्रेविषयी फार्मसीचालकांसाठी एक टीप. च्यवनप्राशाची मात्रा चरकाने तोळ्या-माशांत सांगितलेली नाही. भोजनाला जी अडथळा करणार नाही ती मात्रा, असे म्हटले आहे. कुटीतील शुद्धकोष्ठ, यावक घेतलेल्या माणसाचा अग्नी आणि कार्यालयात दहा तास बसणाऱ्या माणसाचा अग्नी यांना एकच 'दोन चमचे सकाळ-संध्याकाळ' लागू पडणार नाहीत. वेष्टनावर 'भुकेच्या मानाने' एवढे दोन शब्द वाढविण्यास जागा पुष्कळ असते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या स्नेह्यांना मी हे सर्व थोडक्यात कळविले. त्यांचे उत्तर व्यवहारी होते. 'कुटीप्रवेशात्' हा शब्द अर्थासह छापला तर गिऱ्हाईक दुकानदाराला कुटी कोठे मिळते असे विचारील, असे ते म्हणाले. मग आम्ही दोघांनी बसून मजकूर पुन्हा लिहिला. मेधा, स्मृती, अग्नी, वातानुलोमन यांचे पहिले विधान ठेवले. नवयौवनाचे दुसरे विधान काढले. त्या रिकाम्या जागेत मात्रेची ओळ बरोबर बसली.